सोडून देणारा द्रव

मुंबईच्या वायव्येला अरबी समुद्रात वसईच्या नावाने ओळखले जाणारे नैसर्गिक वायूचे एक मोठे क्षेत्र आहे. तिथला वायू समुद्रतळावरच्या नळांमधून सुरतेजवळच्या हजिऱ्याला येतो. त्यात बहुतेक भाग मिथेनचा, पण सोबत हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइडही असतात. हायड्रोजन सल्फाइड थोड्या प्रमाणातही जीवघेणा आणि पोलाद खाणारा. कार्बन डायऑक्साइड विषारी नसला तरी जळत नाही आणि नळांतली जागा फुकट अडवतो. म्हणून हा ‘सोअर’ वायू एका उंच मनोऱ्याच्या तळाशी सोडतात. मनोऱ्यात वरून अमाइन या अल्कधर्मी रसायनाचे पाण्यातले द्रावण झिरपत असते. वर चढणारा वायू आणि खाली येणारा द्रव एकमेकांना घासत जातात, नको असलेले वायू द्रवात उतरतात आणि माथ्यावरून जवळजवळ शुद्ध मिथेन बाहेर पडतो. कोणी हे काम समजावून सांगताना बहुधा इथेच थांबतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की सगळी करामत या पहिल्या मनोऱ्यात आहे. खरे तर तिथे फारसे काही करावे लागत नाही. आम्लधर्मी वायू आणि अल्कधर्मी द्रव एकत्र आले की ते आपणहून जोडले जातात. कस लागतो तो शेजारच्या दुसऱ्या मनोऱ्यात. तिथे त्याच द्रावणाला वाफेवर उकळून त्याने धरलेला वायू सोडायला लावतात, म्हणजे ते पुन्हा पहिल्या मनोऱ्यात पाठवता येते. द्रवाच्या साहाय्याने वायू वेगळे करण्याच्या साऱ्या विद्येची किंमत, मर्यादा आणि भवितव्य या सोडवण्यावर ठरते, असे माझे म्हणणे आहे. धरण्याच्या ताकदीवरून द्रावक निवडणे ही या विषयातली सर्वांत सहज होणारी चूक आहे.

या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मिठापासून सोडा तयार करणारे कारखाने हायड्रोजन क्लोराइडचे लोट हवेत सोडत आणि आसपासची शेते, झाडे करपून जात. विल्यम गॉसेज या कारखानदाराने १८३६ मध्ये यावर उपाय काढला. मनोऱ्यात काटक्याकुटक्या भरायच्या, वरून पाणी सोडायचे आणि खालून धूर न्यायचा. हायड्रोजन क्लोराइड पाण्यात इतका झपाट्याने विरघळतो की धुरात तो जवळपास उरतच नाही. पुढे १८६३ च्या अल्कली कायद्याने असा ९५ टक्के वायू अडवणे बंधनकारक केले, तेव्हा हेच मनोरे कामी आले. शोषणाचे हे निर्विवाद यश होते. पण वायू धरून बसलेले पाणी पुढे जाणार कुठे? अनेक ठिकाणी ते आम्ल जवळच्या ओढ्यात गेले. पीडा हवेतून पाण्यात उतरली, इतकाच फरक. त्या आम्लातून क्लोरीन काढून विरंजक चूर्ण करण्याच्या रीती बसल्यावरच ते पदरात पाडून घेण्याजोगे झाले.

त्याच काळातल्या गंधकाम्लाच्या कारखान्यांतली गोष्ट याहून बोलकी आहे, आणि रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी तिला पुरेसा मान दिलेला नाही असे मला वाटते. शिशाच्या पत्र्याने मढवलेल्या खोल्यांमध्ये गंधकाम्ल तयार होई आणि त्या क्रियेला नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मदत लागे. हे ऑक्साइड धुराबरोबर निसटत आणि त्यांची भरपाई महागड्या सोऱ्यातून करावी लागे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांनी १८२७ मध्ये सुचवले की निसटणारे ऑक्साइड तीव्र गंधकाम्लातच शोषून घ्यावेत. तसा पहिला मनोरा १८४२ मध्ये उभा राहिला आणि तो उत्तम शोषण करत होता. तरीही वर्षानुवर्षे बहुतेक कारखानदारांनी तो घेतला नाही, कारण आम्लात अडकलेले ऑक्साइड बाहेर काढायचे तर त्यात पाणी घालून ते पातळ करावे लागे, आणि मग पुन्हा शोषणासाठी लागणारे तीव्र आम्ल मिळवायला ते आटवत बसावे लागे. १८५९ मध्ये न्यूकॅसलच्या जॉन ग्लोव्हर यांनी दुसरा मनोरा जोडला. गंधक किंवा पायराइट जाळणाऱ्या भट्टीतून निघणारा तापलेला वायू ते थेट त्या आम्लावर सोडत. त्या उष्णतेने ऑक्साइड सुटत, आम्लातले पाणी उडून ते पुन्हा तीव्र होई, शिवाय पुढच्या खोल्यांसाठी भट्टीचा वायू आपोआप थंड होई. ही उष्णता भट्टीत तयारच होती. तिच्यासाठी वेगळा कोळसा जाळावा लागला नाही. ग्लोव्हर यांचा मनोरा आल्यानंतर गे-ल्युसाक यांचा मनोरा सर्वत्र पसरला. धरणारा मनोरा सतरा वर्षे सोडवणाऱ्या मनोऱ्याची वाट पाहत उभा होता.

यावर साधा आक्षेप असा येईल की वायू सोडवायचाच कशाला? धरलेला वायू द्रवासकट टाकून द्यावा, नवा द्रव घ्यावा. प्रमाण लहान असेल तेव्हा हे चालतेच. कोळशावरच्या वीज केंद्रांत गंधकाचा डायऑक्साइड चुनखडीच्या पाण्याने धुतात आणि त्याचे जिप्सम होऊन बाहेर पडते; तिथे कोणी गंधक परत सोडवत बसत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत मात्र आकडा आडवा येतो. ५०० मेगावॉटचा कोळशावरचा संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला सुमारे ११ हजार टन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. कॉस्टिक सोडा हा वायू अतिशय घट्ट धरतो, पण एका टन वायूचा कार्बोनेट करायला १.८ टन सोडा लागतो. म्हणजे एका संचासाठी रोज २० हजार टन, वर्षाला ७० लाख टनांहून जास्त. सगळ्या भारतात वर्षभरात तयार होणारा कॉस्टिक सोडा एवढा नाही, आणि तो करायलाही वीज लागतेच. चुना वापरावा म्हटले तर चुना मुळात चुनखडी भाजून, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास हाकलूनच मिळतो. जितका हवेतून काढायचा तितकाच भट्टीतून सोडायचा, वर इंधनाचा धूर वेगळा. तेव्हा मोठ्या प्रमाणावर हा वायू वेगळा करायचा असेल तर तोच द्रव हजारो वेळा फिरवणे एवढा एकच मार्ग उरतो, आणि फिरवायचा म्हणजे प्रत्येक फेरीत रिकामा करायचा.

रिकामा करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे दाब उतरवणे. मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये दाखवले की ठरावीक तापमानाला द्रवात विरघळणारा वायू त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात वाढतो. सोड्याची बाटली उघडल्यावर जे होते तेच कारखान्याच्या मापाने करायचे: दाबाखाली विरघळवायचे, दाब काढून घेतला की वायू आपणच निघून जातो. साध्या पाण्यालाही हे जमते, कारण नायट्रोजनपेक्षा कार्बन डायऑक्साइड त्यात सुमारे पन्नास पट अधिक विरघळतो. १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे अमोनियाचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला, तेव्हा हायड्रोजनबरोबर आलेला कार्बन डायऑक्साइड पंचवीस वातावरणांच्या दाबाखाली पाण्याने धुऊन काढत. पाणी पुन्हा मोकळे करायला उष्णता लागत नसे. अडचण इतकीच की पाणी प्रचंड लागे, ते उचलायला पंप लागत आणि थोडा मौल्यवान हायड्रोजनही त्यात वाहून जाई. पुढे पाण्याच्या जागी शून्याखाली तीस-चाळीस अंशांपर्यंत गार केलेला मेथॅनॉल आला. दक्षिण आफ्रिकेत कोळशापासून पेट्रोल करणाऱ्या सासोलबर्गच्या कारखान्यात तो पन्नासच्या दशकात हे काम करू लागला. थंड मेथॅनॉल पाण्याच्या अनेक पट वायू पोटात घेतो, तरी धरतो सैलच.

पण दाब उतरवायला आधी दाब असावा लागतो. अमोनियाच्या कारखान्यातला वायू तीस वातावरणांच्या आसपास दाबाखाली असतो आणि त्यात सतरा-अठरा टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे एकट्या त्या वायूचा दाब पाच वातावरणांहून अधिक. कोळशाच्या वीज केंद्राच्या चिमणीत तो साधारण बारा-चौदा टक्के, तोही हवेच्याच दाबाला, म्हणजे वातावरणाचा आठवा भाग. चाळीस पटींचा हा फरक आहे. इतक्या विरळ वायूला पाणी किंवा मेथॅनॉल पुरेसे आकर्षू शकत नाहीत, आणि चिमणीचा सगळा धूर दाबायचा तर त्यातला तीन चतुर्थांश नायट्रोजन विनाकारण दाबावा लागतो. इथे रासायनिक बंध जोडणारा द्रव हवा. अमेरिकेतल्या केंटकीत, लुइव्हिलच्या गर्डलर कंपनीतल्या रॉबर्ट बॉटम्स यांनी १९३० मध्ये ज्याचे पेटंट मिळवले तो अमाइनचा द्रव हाच. अमाइन थंड असताना, चाळीस अंशांच्या आसपास, आम्ल वायूंशी जोडला जातो आणि एकशे वीस अंशांजवळ त्यांना सोडतो. नव्वद वर्षांहून अधिक काळ या मांडणीचा सांगाडा बदललेला नाही. तापलेला रिकामा द्रव आणि थंड भरलेला द्रव एकमेकांशेजारून नेऊन उष्णतेची अदलाबदल करायची युक्तीसुद्धा जुनीच आहे.

आता खर्चाकडे पाहू. सर्वांत परिचित अमाइन, मोनोइथेनॉलअमाइन, पाण्यात तीस टक्के मिसळून वापरतात. त्याहून तीव्र केला तर पोलाद गंजते. त्याचे दोन रेणू मिळून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू धरतात, आणि सोडवताना सगळा सोडवणे परवडत नाही म्हणून निम्मा तसाच ठेवतात. परिणामी एक टन वायू मिळवायला अठरा-वीस टन द्रावण फिरवावे लागते, आणि त्यात मुख्यतः पाणीच असते. सोडवणाऱ्या मनोऱ्यात एका टनामागे साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता जाते, म्हणजे दीड टनाहून जास्त वाफ. यातली साधारण निम्मी उष्णता बंध तोडायला लागते. उरलेली दोन कामांत जाते: ते वीस टन द्रावण उरलेले काही अंश तापवणे, आणि वायूबरोबर मनोऱ्याच्या माथ्यावरून निघून जाणारी पाण्याची वाफ पुरवणे. ही वाफ टर्बाइनमधून काढून घ्यावी लागते, म्हणून तेवढी वीज कमी होते. विजेच्या हिशेबात, वायू दाबून नळात घालण्यासकट, टनामागे साधारण दोनशे ते तीनशे युनिट जातात. कोळशाचे केंद्र एक टन कार्बन डायऑक्साइड सोडताना सुमारे हजार-अकराशे युनिट वीज देते. म्हणजे पाव भाग वीज स्वतःचाच धूर गाळण्यात जाते. धरणाऱ्या मनोऱ्याच्या वाट्याला यातले फारच थोडे येते. तिथे धूर वर ढकलणारा पंखा आणि द्रव वर चढवणारे पंप, एवढाच खर्च.

मग बंध सैल असलेला अमाइन घ्यावा, सोडवायला कमी उष्णता लागेल, हा पुढचा तर्क. तो मोहक आहे आणि माझ्या मुख्य म्हणण्याला पूरकही दिसतो, म्हणून त्याची कसून परीक्षा करायला हवी. मिथाइलडायइथेनॉलअमाइन हा असा सैल अमाइन आहे. त्याचा एक रेणू वायूचा एक रेणू धरू शकतो आणि बंध तोडायला उष्णताही कमी लागते. पण तो कार्बन डायऑक्साइडशी संथपणे जुळतो. ज्या वायूला आधीच दाब आहे तिथे ही संथ गती खपून जाते, कधी फायद्याचीही ठरते: हायड्रोजन सल्फाइडशी त्याची क्रिया क्षणार्धात होते, म्हणून मनोऱ्यात वायूला थोडाच वेळ दिला तर विषारी वायू पकडला जातो आणि कार्बन डायऑक्साइड बराचसा निसटू दिला जातो. कार्बन डायऑक्साइड हवाच असेल तर त्यात थोडे पायपेरझिन घालून वेग वाढवतात. चिमणीच्या विरळ धुरात मात्र या द्रवाला फार उंच मनोरे लागतील.

संथपणा औषध घालून दूर होईल, पण सैल बंधातली मोठी गोची उष्मागतिकीची आहे. द्रव तापवल्यावर त्यातला वायू किती जोराने बाहेर पडू पाहतो हे बंधाच्या उष्णतेवरच ठरते. चाळीस अंशांवरून एकशे वीस अंशांवर नेले, तर मोनोइथेनॉलअमाइनच्या घट्ट बंधातून सुटू पाहणाऱ्या वायूचा दाब सुमारे सातशे पट वाढतो. सैल अमाइनमध्ये सत्तर-पंचाहत्तर पट. नुसत्या विरघळलेल्या वायूचा जेमतेम पाच पट. याच तापमानांत पाण्याच्या वाफेचा दाब सत्तावीस पट वाढतो. म्हणजे ज्या द्रवाचा बंध फारच सैल, त्याला तापवले की वायूपेक्षा वाफच अधिक वेगाने माथ्याकडे धावते, आणि बंधावर वाचवलेली उष्णता पाणी उकळण्यात खर्च होते. घट्ट बंधाचा द्रव उलट अधिक दाबाने वायू बाहेर देतो, त्यामुळे पुढे तो दाबायला लागणारी वीज वाचते. सैल बंध म्हणजे स्वस्त सोडवणूक हा समज म्हणून चुकीचा आहे आणि माझे म्हणणे अधिक नेमके करायला हवे. चांगला द्रावक घट्ट नसतो की सैल नसतो. परिस्थिती बदलली की त्याची पकड मोठ्या फरकाने बदलते. दाब हाताशी असेल तर पकड दाबाला ओळखणारी हवी, उष्णता हाताशी असेल तर उष्णतेला. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधल्या बेन्सन आणि फील्ड यांनी तापलेल्या पोटॅशियम कार्बोनेटची जी पद्धत बसवली तिच्यात हे फार सुंदर दिसते. तिथे दोन्ही मनोरे जवळपास एकाच, शंभर अंशांपलीकडच्या तापमानाला चालतात. फरक मुख्यतः दाबाचा. द्रव गार करून पुन्हा तापवण्याचा खर्चच त्यांनी काढून टाकला आणि जगभरच्या अमोनिया कारखान्यांनी ही पद्धत उचलली.

यातून हेही कळते की एकच वायू एका कारखान्यात ओझे आणि दुसऱ्यात कच्चा माल का ठरतो. युरिया करायला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइड लागतो, एक टन युरियाला सुमारे पाऊण टन. अमोनियासाठी हायड्रोजन करतानाच तो निघतो. पण नाफ्था सोडून कारखाने नैसर्गिक वायूकडे वळले, तेव्हा मिथेनमध्ये कार्बन कमी असल्याने कार्बन डायऑक्साइड थोडा अपुरा पडू लागला. उत्तर प्रदेशात फुलपूर आणि आंवला इथल्या इफ्कोच्या कारखान्यांनी २००६ मध्ये आपल्याच भट्ट्यांच्या धुरातून दिवसाला प्रत्येकी ४५० टन हा वायू अमाइनने काढायला सुरुवात केली. हवामानासाठी ही कामगिरी नव्हे, कारण शेतात युरिया फुटला की तोच वायू हवेत परततो. पण भारतात धुरातून वायू सोडवण्याचे गणित पैशात बसवून दाखवणारी ही उदाहरणे आहेत. बसले ते दोन कारणांनी: वायूला कारखान्याच्या आतच गिऱ्हाईक होते, आणि वाफेचे जाळे आधीपासून होते.

पडदे आणि घन शोषक येत आहेत, अमाइनचा जमाना सरला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण मर्यादित. पडद्याला आरपार जायला दाबाचा फरक लागतो, घन शोषकाला शेवटी तापवावे किंवा निर्वातात न्यावे लागते; सोडवण्याचा खर्च नाव बदलून तिथेही हजर होतो. धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा करून नळाच्या दाबाला न्यायला कोणत्याही युक्तीने टनामागे सुमारे ११० युनिटांपेक्षा कमी ऊर्जा लागू शकत नाही. आजचे अमाइन त्याच्या दुप्पट-अडीचपट खर्च करतात. ऊष्मागतिकीच्या किमान मर्यादेच्या इतक्या जवळ पोचलेल्या मोठ्या औद्योगिक क्रिया मोजक्याच आहेत, त्यामुळे एखाद्या चमत्काराने हा खर्च दहापटींनी घसरेल अशी आशा दाखवणाऱ्यांवर मी विश्वास ठेवणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: धूर गाळायला पुन्हा इंधनच जाळायचे, यात काय मिळवले? टेक्सासमध्ये २०१७ मध्ये सुरू झालेल्या पेट्रा नोव्हा प्रकल्पाने वर्षाला १४ लाख टन पकडण्यासाठी वाफ आणि वीज पुरवायला वेगळे वायूवरचे टर्बाइन उभारले, आणि त्या टर्बाइनचा धूर मात्र मोकळाच जात होता. हा आक्षेप मला मान्य आहे. तो शोषणाच्या विद्येविरुद्ध जात नाही, ती कुठे लावावी याची दिशा दाखवतो. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून नैसर्गिक वायूतला नऊ टक्क्यांच्या आसपासचा कार्बन डायऑक्साइड अमाइनने काढून समुद्रतळाखालच्या खडकात घालतात, सुरुवातीची अनेक वर्षे दरसाल जवळजवळ दहा लाख टन. तिथे वायू दाबाखाली होता, तो विकण्यासाठी कार्बन डायऑक्साइड काढावाच लागत होता, आणि १९९१ पासूनच्या कार्बन करामुळे तो हवेत सोडणे महाग पडत होते. सोडवणुकीचा खर्च आधीच झालेला होता.

आपल्याकडे प्राधान्य ठरवायचे तर याच कसोटीवर ठरवावे. खत कारखाने, हायड्रोजन करणारे तेलशुद्धीकरण कारखाने, नैसर्गिक वायूची केंद्रे यांच्याकडे एकवटलेला, दाबाखालचा वायू आहे. बराचसा तर रोजच वेगळा काढला जातो आणि जो युरियात जात नाही तो हवेत सोडला जातो. कोळशाच्या चिमण्या सर्वांत शेवटी. मधे सिमेंट येते. चंद्रपूरपासून राजस्थानपर्यंतच्या भट्ट्यांच्या धुरात वीज केंद्रांपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड असतो आणि त्यातला मोठा वाटा चुनखडीतूनच निघत असल्याने इंधन बदलून तो थांबत नाही. शिवाय भट्टीच्या धुरात वाया जाणारी उष्णता असते. मात्र भारतातल्या अनेक सिमेंट कारखान्यांनी ही उष्णता वापरून वीज करायला सुरुवात केली आहे, म्हणजे तिच्यासाठी दुसरा दावेदार आधीच उभा आहे. नॉर्वेतल्या ब्रेव्हिकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये अमाइनचे मनोरे सुरू झाले. वर्षाला चार लाख टन कार्बन डायऑक्साइड ते पकडतात, कारखान्याच्या एकूण धुरातला साधारण निम्मा. मनोरे याहून मोठे बांधता आले असते. पण भट्टीतून वाया जाणाऱ्या उष्णतेत तेवढाच वायू द्रवातून परत सोडवता येत होता, म्हणून उरलेला निम्मा तिथे अजून चिमणीतूनच जातो.